जामाईषष्ठीची तालीम

पश्चिम बंगालात तुरुंगाच्या सरकारी पाटीवर 'संशोधनागार' असं लिहिलेलं असतं. बंगालीत त्याचा अर्थ सुधारगृह. मी आत गेलो तेव्हा बायकोने साताऱ्याला माझ्या आईला फोन करून तो शब्द जपून जपून सांगितला, आणि आईने तो जसाच्या तसा आळीत पोचवला. मुलगा कोलकात्याला संशोधनागारात आहे, राहण्याजेवण्याची सोय तिथेच आहे, सुट्टी मात्र अजिबात देत नाहीत. माझे बारावीचे मार्क ज्यांना माहीत होते त्यांनी भुवया उंचावल्या, बाकीच्यांनी पेढे मागितले. एका मावसभावाने तर आपल्या धाकट्याची तिथे काही सोय होईल का, अशी चौकशी केली. आईला खरा प्रकार नीट माहीत होता. ती जन्मभर शाळेत मराठी शिकवत होती, कुठला शब्द कुठे वापरायचा हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

मला आत नेलं ते दारूने. बायकोची बँकेत बदली झाली म्हणून मी तिच्या मागोमाग कोलकात्याला आलो, खिदिरपूरला बंदरातल्या मालाची कागदपत्रं बघणाऱ्या एका खासगी कचेरीत लागलो, आणि तिथल्या कामापेक्षा तिथल्या बैठकींमध्ये जास्त लवकर तरबेज झालो. एका दुपारी तशाच अवस्थेत गाडी चालवत निघालो आणि ती सरळ मिठाईच्या दुकानात घातली. पुढचं चाक रसगुल्ल्यांच्या पाकात बुडालं होतं, इथपर्यंतची गोष्ट मी लोकांना हसत सांगतो. दुकानाच्या पायरीवर एक माणूस बसला होता. त्याचा पाय मोडला आणि पुन्हा कधी सरळ झाला नाही. हे हसत सांगता येत नाही.

आत मला स्वयंपाकघरात घातलं. घरी ज्याने चहासुद्धा उतू घालवला होता, तो मी तिथे माणूसभर उंचीच्या हंड्यांमध्ये वल्ह्याएवढं उलथणं फिरवायला शिकलो. मासे साफ करायला शिकलो. बंगाली डाळीत कधी साखर पडते आणि ती का पडते यावर दोन खुनी आणि एक पाकीटमार यांच्यात चाललेला वाद मी तोंड उघडं टाकून ऐकला. त्याच स्वयंपाकघरात माझी एका लेथवाल्याशी ओळख झाली. हावड्याच्या एका कारखान्यात तो लेथवर पितळी सुटे भाग कातायचा, आणि संध्याकाळी तेच भाग खिशात घालून नेऊन विकायचा आणि प्यायचा. त्याची बोटं इतकी सरळ चालायची, की त्याने चिरलेला बटाटा बघून वाटायचं, हा मोजपट्टी लावून वाढलाय. बोलायला मात्र तो अगदी कमी. माझ्या बोलण्याच्या वेगाला असा माणूस जवळ असणं सोयीचं होतं.

सुटून आल्यावर पहिले काही महिने मी फार चांगला माणूस होतो. इतका चांगला, की घरात कोणी माझ्याजवळ बसेना.

"तू प्यायचास तेव्हा निदान अंधार पडल्यावर बडबडायचास," बायको म्हणाली. "आता दुधाची पिशवी फोडायच्या आधी सुरू होतोस. हे उपदेश बाहेर कुठेतरी कर. ज्यांना गरज आहे त्यांना."

ती वैतागून म्हणाली होती. मी तो सल्ला समजलो. हावड्याला ओतकामाच्या कारखान्यांची एक गल्ली आहे, तिच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान आहे. त्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून मी आल्यागेल्याला माझ्या उद्धाराची कथा सांगायला लागलो. एक जण शेवटपर्यंत थांबला. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, पहिला मासा गळाला लागला. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "दादा, माझं दुःख फक्त तुम्हीच ओळखलंत. चला, आज तुम्ही पाजा."

त्यानंतर मी बोलणं सोडून रांधायला घेतलं. गल्लीत दोरखंडाचं एक रिकामं गोदाम होतं, मालकाने तळमजला वापरायला दिला. मी खिचडी टाकली. पण मला एकच प्रमाण येत होतं, संपूर्ण बराकीचं. शिवाय बंगाली माणूस खिचडी खातो पाऊस कोसळत असताना, आणि मी ती केली भर मे महिन्यात. खिचडीचा एवढा हंडा बघून गल्लीतल्या लोकांनी एकमेकांना विचारलं, पूर कुठे आलाय. तरी आले. खाल्लं. काही जण दुसऱ्या दिवशीही आले, आणि काही परत गेलेच नाहीत. आमचं घर असं सुरू झालं. तुरुंगातून सुटलेले, दारू सोडायला निघालेले, बहुतेक जण दोन्ही. दिवसा गल्लीतल्या कारखान्यांत कामाला जायचं, संध्याकाळी इथे परत यायचं. लेथवाला सुटला तो सरळ आमच्याकडेच आला. ज्या मालकाकडे चोरी केली होती त्यानेच त्याला पुन्हा कामावर घेतलं. तशी बोटं दुसरी मिळत नव्हती.

आमच्याकडे औषध नाही, प्रवचन आता नाही, फक्त एक तालीम आहे. ती माझी कल्पना, आणि मला तिचा गर्व होता. रोज संध्याकाळी चहानंतर एकाने जुना दोस्त व्हायचं आणि पाण्याची बाटली आणि पेला घेऊन दुसऱ्यासमोर बसायचं. चल, एक घोट. दुसऱ्याने उजवा हात छातीवर ठेवायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "नाही भाई, ते मी सोडलंय." बस्स. कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही, वाद घालायचा नाही. मग तळहात पेल्यावर आडवा धरायचा. हे इतक्या वेळा करायचं, की झोपेतून उठवलं तरी हात छातीवर गेला पाहिजे. लेथवाला यात पहिल्या नंबरचा. त्याचा हात दर वेळी त्याच जागी पडायचा, आवाज तेवढाच, तळहात तेवढाच सपाट. नवीन लोकांना मी त्याच्याकडे बघायला सांगायचो.

त्याची बायको माहेरी राहत होती, गार्डन रीचला, आपल्या विधवा आईजवळ. तो आत गेला त्याच्या आधीच ती निघून गेली होती, आणि ते बरोबरच होतं, असं तोच म्हणायचा. आता तो कामावर होता, गल्लीच्या मागे त्याने एक खोली बघून ठेवली होती, आणि रोज दुपारच्या सुट्टीत तो फोन हातात घेऊन बसायचा आणि लावायचा नाही. मग उन्हाळ्यात एके दिवशी तिचाच फोन आला. माझ्या फोनवर.

"दादा, आईने त्याला षष्ठीला बोलावलंय," ती म्हणाली. "मी एक दिवस त्याला बघणार. मग सांगेन, त्याच्याबरोबर राहायचं की नाही. होय असलं तर होय. नाही म्हटलं तर पुन्हा फोन करायचा नाही, त्याने नाही आणि तुम्हीही नाही."

"त्याला सांगतो," मी म्हणालो.

"आणि आई म्हणते, तो ज्यांच्याकडे राहतो त्यांनाही घेऊन यायचं. बघायचंय तिला."

आपल्याकडे जावयाचं कोडकौतुक तीन वर्षांनी एकदा, अधिक महिन्यात. बंगाली सासू ते दर वर्षी ज्येष्ठ महिन्यात षष्ठीला करते, तिला म्हणतात जामाईषष्ठी. जावयाच्या मनगटाला पिवळा दोरा बांधते, कपाळाला दही लावते, ओल्या ताडपंख्याने वारा घालते आणि मग त्याला असं जेवायला घालते की त्याला उठता येऊ नये. त्या दिवशी कोलकात्यातले सगळे जावई धोतर सावरत, हातात मासा आणि दह्याचं मडकं घेऊन बसमध्ये उभे असतात. लेथवाल्याच्या सासूने त्याला हे आमंत्रण गेल्या कित्येक वर्षांत दिलं नव्हतं.

तो घाबरून गेला. "दादा, कसं वागायचं तिथे? मी विसरलोय."

एखाद्या शहाण्या माणसाने त्याला गल्लीतल्या कुठल्याही बंगाली गृहस्थाकडे पाठवलं असतं. मी म्हणालो, मी शिकवतो.

माझ्या आत्मविश्वासाला इतिहास होता. माझ्या पहिल्या दिवाळसणाला सासरी मी पहिल्याच आग्रहाला जिलब्यांचं अख्खं ताट संपवलं होतं. ते ताट सगळ्या पंगतीचं होतं, हे मला मागून कळलं. सासरे आजही जिलबी दिसली की माझ्याकडे बघतात. त्यातून मी धडा घेतला होता, की जावयाने आधी नको म्हणायचं. वाढणाऱ्याने आग्रह करायचा, आपण नको म्हणायचं, त्याने पुन्हा करायचा, आपण ताटावर हात आडवा धरायचा, आणि मग नाइलाजाने घ्यायचं. याला म्हणतात संस्कार. शिवाय त्यात माझं शास्त्रही बसत होतं. जो माणूस गोड नाकारू शकतो तो बाटली नाकारू शकतो, हे सासूला न सांगता कळणार. मी त्याला बजावलं, सगळ्याला आधी नको म्हण. कितीही आवडीचं असलं तरी.

घरी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती.

"तिकडची रीत कोणाला तरी विचारून घे," ती म्हणाली.

"मी स्वतः जावई आहे."

"तेच म्हणतेय मी."

आम्ही तयारी केली. मी सासू झालो, डोक्यावरून टॉवेल घेतला, आणि आमच्या घरातल्या माणसांनी आळीपाळीने ताटल्या आणून दिल्या. लेथवाल्याने प्रत्येक ताटलीला नको म्हटलं. हात छातीवर, नजर समोर, तळहात ताटलीवर सपाट. एकदाही चुकला नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला, की मी तेवढ्यावर थांबलो. नको म्हटल्यावर शेवटी घ्यायचंही असतं, हा धड्याचा उरलेला अर्धा भाग शिकवायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

षष्ठीला सकाळी आम्ही फेरीबोटीने हुगळी ओलांडली आणि पुढे बसने गार्डन रीचला गेलो. त्याच्या हातात कातला मासा, नवीन गमछ्यात बांधलेला. माझ्या हातात दह्याचं मडकं. ऊन असं, की बसच्या खिडकीची दांडी धरवत नव्हती. तो वाटेत एकच वाक्य बोलला.

"ती नाही म्हणाली तर मी तुमच्याकडेच राहू का, दादा?"

"आधी जेव तर," मी म्हणालो.

घर दोन खोल्यांचं, जहाज बांधायच्या कारखान्याच्या जवळ. भिंतीवर त्याच्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो. ते त्याच कारखान्यात वेल्डर होते. मी सासूबाईंना मासीमा म्हणून नमस्कार केला. बंगालीत परक्या वयस्क बाईला मावशी म्हणायचं, म्हणजे मासीमा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मराठी ना तुम्ही?"

"हो."

"म्हणजे जावई येताना बर्गी बरोबर घेऊन आला." बर्गी म्हणजे मराठा लुटारू. अडीचशेहून अधिक वर्षं झाली, पण बंगाली आया अजूनही त्यांच्या नावाने पोरांना झोपवतात. "बसा. लुटायला काही नाही, मासे तेवढे आहेत."

ठीक चाललं होतं. मासीमांनी त्याला पिवळा दोरा बांधला, दह्याचा टिळा लावला, पंख्याने वारा घातला, डोक्यावर दूर्वा ठेवल्या. तो डोळे मिटून बसला होता. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात पदराने घाम पुसत उभी होती आणि त्याच्यावरून नजर हलवत नव्हती. मग त्याच्यासमोर फळांचं ताट आलं, आंबा, लिची, जांभळं, फणस.

"घे, बाबा," मासीमा म्हणाल्या.

हात छातीवर गेला. नजर त्यांच्या डोळ्यांत. "नाही भाई," तो म्हणाला, "ते मी सोडलंय."

मी खोकलो. मासीमांना वाटलं असणार, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी आंब्याची फोड पुढे केली. "लंगडा आहे. तुझ्या आवडीचा."

"नाही भाई, ते मी सोडलंय."

सासूला भाई म्हणणारा जावई मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. तो घाबरला होता, आणि घाबरल्यावर जे आपोआप तोंडातून यावं म्हणून मी त्याला रोज घोटवून घेतलं होतं, ते आपोआप येत होतं. जेवणाचं मोठं कांस्याचं ताट आलं. भाताभोवती वाट्यांची गोल रांग. तळलेलं वांगं, माशाच्या डोक्याची डाळ, मोहरीतला इलिश मासा, नारळाच्या दुधातली कोळंबी, मटण. प्रत्येक वाटीला त्याने छातीवर हात ठेवून नकार दिला. इलिशच्या वेळी त्याचा आवाज चिरकला, कारण ते त्याला खरोखरच सोडवत नव्हतं. मग त्याने तळहात भातावर सपाट आडवा धरला आणि तसाच राहिला.

मला सावरायला हवं होतं. मी काय केलं, तर माझ्यासमोरच्या ताटाला मीही म्हणालो, "नको नको, मासीमा, खरंच पुरे, मी सकाळी खाऊन आलोय." त्यांच्या आग्रहाची वाट पाहायला लागलो. मासीमांनी माझं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. त्या लेकीशी बोलल्या, पण आमच्या देखत.

"बघितलंस? शेवटी शेवटी तुझ्या वडिलांचंही असंच. माझ्या हातचं काही नको. पोट भरलेलं. कशाने भरलेलं, ते वासावरून कळायचं." त्या वाकून जावयाच्या तोंडाजवळ गेल्या, हुंगल्या, सरळ झाल्या. "वास नाही. हल्ली वास न येणारी मिळत असेल."

"मा, मी घेतली नाही," तो म्हणाला.

"जेवत नाहीस ते का मग?"

तो माझ्याकडे बघायला लागला. बायकोही माझ्याकडे बघायला लागली. मग ती वळली आणि स्वयंपाकघरात गेली. पातेल्यांवर झाकणं ठेवल्याचे आवाज यायला लागले. जेवण संपलं, असा तो आवाज होता.

मी बोलायला लागलो. बंगालीत, हिंदीत, आणि घाईला आल्यावर मराठीतसुद्धा. ही माझी चूक आहे, मी त्याला नको म्हणायला शिकवलं, आमच्याकडे जावई असंच करतात, म्हणजे मी केलं नव्हतं, पण करायला हवं होतं, जिलबीचं ताट, पंगत, सासरे. मासीमा पंख्याने स्वतःला वारा घालत ऐकत होत्या.

"जिलबी राहू द्या," त्या म्हणाल्या. "दर वेळी तोच हात आणि तेच वाक्य, ते काय नाटक आहे?"

मी तालमीबद्दल सांगितलं. एक जण पाजणारा होतो, दुसरा नाही म्हणतो.

"पाजणारा काय म्हणतो?"

मी करून दाखवलं. पाण्याची बाटली उचलली, मान हलवली आणि म्हणालो, "चल यार, एक घोट घे."

त्या हसल्या. मोठ्याने नाही, नाकातून. "असं बोलावलं तर आमचा बोकासुद्धा येणार नाही. तुम्हाला कोणी कधी बोलावलंच नव्हतं वाटतं. तुमचे तुम्हीच जात होता."

हे खरं होतं. माझ्या बायकोला हे समजायला काही वर्षं लागली होती. मासीमांनी एका वाक्यावरून ओळखलं.

त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली आणि जावयासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. पंखा बाजूला ठेवला. आणि त्यांचा आवाज बदलला. तो एका पुरुषाचा आवाज होता, जरासा लाडीक, जरासा भांडखोर. सासऱ्यांचे दोस्त ह्याच दारात येऊन त्यांना कसे बोलवायचे, हे ती बाई आतल्या खोलीतून वर्षानुवर्षं ऐकत आली होती.

"काय रे," त्या म्हणाल्या, "आता श्वास पण बायकोला विचारून घेतोस का?"

हात छातीवर. "नाही भाई, ते मी सोडलंय."

"सोड ना. कोण म्हणतंय पी म्हणून? नुसता बसायला चल. तू नसलास की मजा येत नाही. सगळे विचारतात तुला."

"नाही भाई. ते मी सोडलंय."

"बरं बाबा, सोडलीस. मोठा साधू झालास. आज सण आहे, सासूने दही लावलं, एवढंसं घेतलंस तर काय आभाळ कोसळणार? मी कोणाला सांगणार नाही. उद्यापासून पुन्हा सोड."

"नाही भाई."

मग त्या पुढे सरकल्या आणि आवाज खाली आणला. "तुझ्या सासूला तू चोरच वाटतोस. कितीही सरळ वाग. आणि बायको काही यायची नाही. तिने ठरवलंय. मग तू सोडलीस कोणासाठी?"

स्वयंपाकघरातली झाकणं थांबली.

आमच्या तालमीत हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. विचारायची हिंमत माझ्यात नव्हती, कारण उत्तर मलाही माहीत नव्हतं. लेथवाल्याचा हात छातीकडे निघाला आणि अर्ध्यात राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. वाक्य येत नव्हतं. त्याने हात खाली, मांडीवर ठेवला. दुसऱ्या हाताने तो मनगटावरचा पिवळा दोरा चाचपत होता.

"ती आली नाही तरी नको," तो म्हणाला.

हे त्याला मी शिकवलेलं नव्हतं. 'भाई' नव्हतं त्यात, आणि आवाजही नेहमीचा नव्हता. तो चिडला होता. मी त्याला पहिल्यांदाच चिडलेला पाहत होतो, आणि पहिल्यांदाच माझी खात्री पटली.

मासीमांनी बाटली खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला का, ते मी पाहिलं नाही. त्या फोटोकडे पाठ करून उभ्या होत्या.

"भात गार झाला," त्या म्हणाल्या. "गरम करून आणते. आणि बाबा, मी वाढेन ते सासू म्हणून वाढेन. कळलं ना? मला पुन्हा भाई म्हणालास तर पंख्याने मारेन."

तो जेवला. काय जेवला ते काय सांगू. इलिशचे काटे ताटाच्या कडेला त्याने असे ओळीत मांडले, जसे कामावर सुटे भाग मांडतो. बायको वाढत होती. वाटी रिकामी व्हायच्या आत भरत होती. मी कोपऱ्यात बसून मोहरीचा वास घेत होतो. शेवटी मासीमांना आठवण झाली.

"आणि बर्गी? तुमचं सकाळचं अजून जिरलं नाही का?"

मी सांगितलं, की जिरलं. एकदाही नको म्हणालो नाही. मासीमांनी मला माशाचं डोकं वाढलं, आणि मी ते कसं खातो हे बघायला शेजारची एक बाई बोलावून आणली.

जेवताना त्याने गल्लीमागच्या खोलीबद्दल सांगितलं होतं. निघताना बायको जिन्यापर्यंत आली. तिने नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "खोलीत पाणी कधी येतं?"

"सकाळी आणि संध्याकाळी," तो म्हणाला.

"रविवारी येऊन बघते. बघायलाच."

मासीमा हल्ली अधूनमधून फेरीने हावड्याला येतात आणि आमच्या तालमीत बसतात. माझी दोस्ताची भूमिका त्यांनी काढून घेतली. आमच्याकडचे आडदांड लोक, ज्यांना पोलिसांची भीती वाटली नाही, ते त्या यायच्या दिवशी संध्याकाळी आठवणीने दुसरीकडे काम काढतात. एकाला त्यांनी त्याच्या मेलेल्या भावाच्या आवाजात बोलावलं. तो रडत रडत नाही म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्यासमोर येऊन बसला. मी आता चहा करतो.

पण मी रविवारचं सांगत होतो.

खोली वरच्या मजल्यावर होती, एका भिंतीला खिडकी, खिडकीतून ओतकामाच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर. लेथवाल्याने सकाळपासून जमीन पुसून पुसून ओली ठेवली होती. ती आली, एकटीच, हातात कापडी पिशवी. तिने खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. मोरीत नळ सोडून पाहिला. भिंतीवर त्याने स्वतः बसवलेली फळी होती, ती हाताने दाबून पाहिली. फळी हलली नाही.

शांतता मला सहन होत नाही, म्हणून मी बोलत होतो. खोली हवेशीर आहे, शेजारी चांगले आहेत, घरमालक एकदम सज्जन, उन्हाळ्यात जरा तापते पण हिवाळ्यात हेच बरं वाटतं, हा आता कांदाबटाटासुद्धा स्वतः आणतो, परवाच मी याला म्हणालो.

"दादा," ती म्हणाली.

"हं?"

"तुम्ही आता या."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो फळीकडे बघत होता. ती पिशवी उघडून एक-एक वस्तू फळीवर ठेवायला लागली होती. फणी, साबणाची डबी, औषधाची बाटली, स्टीलचा पेला. पिशवी मोठी नव्हती, पण नुसती खोली बघायला येणारा माणूस साबण आणत नाही.

मी बाहेर आलो आणि तिने दार लावलं. पायऱ्या उतरून गल्लीत आल्यावर लक्षात आलं, की छत्री वरच राहिली. भर दुपार होती. चहाच्या टपरीवाल्याने विचारलं, दादा, एवढ्या उन्हात उघड्या डोक्याने कुठे निघालात, वर जाऊन छत्री घेऊन या. मी म्हणालो, राहू दे, आणि त्याच्या पत्र्याखाली सावलीत बसून राहिलो.